भय वाटणे आणि भयापुढे झुकणे

या अंकासाठी निवडलेली पत्रे वेगवेगळ्या वाचकांची आहेत. मात्र माणसाने अल्लाहचे भय बाळगावे आणि निर्माण केलेल्या वस्तूंचे बाळगू नये, या शिकवणीचा रोजच्या जगण्यात नेमका अर्थ काय, हा प्रश्न त्या सर्वांच्या मुळाशी आहे. म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत. नावांपुढील (स.), (अलै.) आणि (रजि.) ही आदरार्थी प्रार्थनावाक्यांची लघुरूपे आहेत, आणि कंसातील आकडे कुरआनातील सूरह (अध्याय) व आयत (वचन) दर्शवतात.

प्रश्न : 'त्यांना भिऊ नका, मलाच भ्या' अशा अर्थाचे आदेश कुरआनात अनेक ठिकाणी आले आहेत. एका प्रवचनात मी असेही ऐकले की, अल्लाहखेरीज दुसऱ्या कोणाचेही भय मनात असणे हा शिर्कचाच, म्हणजे अल्लाहला भागीदार ठरवण्याचाच, एक प्रकार आहे. मला अंधाराची भीती वाटते, सापाची वाटते, मुलाला ताप चढला की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. माझी श्रद्धा सदोष आहे, असे समजावे का?

उत्तर : तसे समजण्याचे कारण नाही. साप दिसताच पाय मागे येणे किंवा मुलाच्या आजारपणात झोप उडणे हा मानवी स्वभावाचा भाग आहे, आणि अशा भयाला धर्मपंडितांनी दोष दिलेला नाही. हे केवळ आपल्या समाधानासाठी लिहीत नाही. कुरआनात ज्यांचा नामोल्लेख सर्वांत जास्त वेळा येतो त्या प्रेषित हजरत मूसा (अलै.) यांच्या कथेत भीतीचा उल्लेख किती वेळा आला आहे, ते पाहावे. त्यांच्या हातून एक माणूस मारला गेला, तेव्हा ते शहरात भीतभीत, कानोसा घेत वावरले आणि त्याच अवस्थेत तेथून निघून गेले (२८:१८, २१). हातातील काठी सापासारखी वळवळू लागली, तेव्हा त्यांनी पाठ फिरवून पळ काढला आणि मागे वळूनही पाहिले नाही (२७:१०). फिरऔनकडे (मिसरच्या राजाकडे) जाण्याची आज्ञा झाली, तेव्हा 'मी त्यांच्यातील एक माणूस मारला आहे, ते मला ठार करतील अशी मला भीती वाटते,' असे त्यांनी अल्लाहलाच स्पष्ट सांगितले (२८:३३). पुढे जादूगारांच्या दोऱ्या आणि काठ्या धावताना भासल्या, तेव्हाही त्यांच्या मनात भय दाटले (२०:६७). या भीतीबद्दल त्यांना एकदाही श्रद्धाहीन म्हटलेले नाही. 'भिऊ नकोस', 'मी तुम्हा दोघांसोबत आहे, ऐकतो आहे आणि पाहतो आहे,' असा धीरच त्यांना मिळाला. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट याच्याही पुढची आहे, ती म्हणजे भीती वाटत असतानाही मूसा (अलै.) फिरऔनच्या दरबारात गेले.

हजरत इब्राहीम (अलै.) यांच्याविषयीची दोन वचने शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर हा भेद अधिक स्पष्ट होतो. आपल्या समाजाशी वाद घालताना ते निःशंकपणे म्हणतात की, तुम्ही ज्यांना अल्लाहचे भागीदार ठरवता त्यांना मी भीत नाही (६:८०). याच इब्राहीम (अलै.) यांच्या घरी अनोळखी पाहुणे आले आणि समोर ठेवलेल्या अन्नाला हात लावेनात, तेव्हा मात्र त्यांना मनातून भीती वाटली (११:७०). मूर्तीला न भिणाऱ्या माणसाला अनोळखी पाहुण्यांची भीती वाटली, आणि त्यात कोणतीही विसंगती नाही. अनोळखी माणूस खरोखर अपाय करू शकतो, म्हणून त्याच्याविषयी सावध होणे हा स्वभाव आहे. जिच्या ठायी काहीच सामर्थ्य नाही तिच्याकडे अदृश्य सामर्थ्य असल्याचे मानून तिला भिणे, हा मात्र श्रद्धेचा प्रश्न आहे. प्रवचनकारांना बहुधा हा दुसरा प्रकार अभिप्रेत असावा. तो सर्वच प्रकारच्या भीतीला लागू केला, तर प्रेषितांनाही दोष देण्याची पाळी येईल.

मग 'त्यांना भिऊ नका' या आज्ञेत मनाई कशाची आहे? सूरह आलि इम्रानमधील वचन (३:१७५) कोणत्या प्रसंगाशी जोडलेले आहे, ते पाहिल्यास उत्तर मिळते. हिजरी सन ३ मध्ये (इ.स. ६२५) उहुदच्या लढाईत सुमारे ७० मुसलमान शहीद झाले. बहुतेक भाष्यकारांच्या मते, दुसऱ्याच दिवशी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जखमी सहाबांना (आपल्या अनुयायी सोबत्यांना) बरोबर घेऊन मदीनेबाहेर हमराउल असदपर्यंत शत्रूचा पाठलाग केला, त्या वेळचा हा संदर्भ आहे. शत्रू मोठ्या संख्येने जमला आहे, त्याला भ्या, असे लोक त्यांना सांगू लागले. त्या सांगण्याने त्यांची श्रद्धा उलट वाढली आणि 'अल्लाह आम्हाला पुरेसा आहे आणि तो उत्तम कार्यवाह आहे' असे ते म्हणाले (३:१७३). यानंतर आयत सांगते की, आपल्या साथीदारांची भीती घालणारा तो सैतान आहे, तुम्ही त्यांना भिऊ नका, मला भ्या. आदल्या दिवशीच्या जखमा अंगावर असलेल्या माणसांच्या छातीत धडधडू नये, अशी ही अपेक्षा नाही. त्या धडधडीमुळे त्यांनी कर्तव्यापासून मागे फिरू नये, एवढीच आहे. सूरह निसामध्ये ज्यांची निर्भर्त्सना केली आहे, ते लोक माणसांना 'अल्लाहला भ्यावे तसे, किंवा त्याहूनही अधिक' भिऊ लागले होते (४:७७), आणि त्यामुळे सोपवलेल्या कामाला मुदत मागत होते. निंदा आहे ती या तुलनेची आणि त्या तुलनेतून निघालेल्या माघारीची.

भीतीतून सावधगिरी येते, आणि सावधगिरी म्हणजे भरवशाचा अभाव असा आणखी एक गैरसमज रूढ आहे. हिजरतच्या, म्हणजे मक्केहून मदीनेला केलेल्या स्थलांतराच्या, वेळी प्रेषित (स.) मक्केहून निघाले, तेव्हा मदीना उत्तरेला असूनही ते प्रथम दक्षिणेकडील सौर पर्वताच्या गुहेत तीन रात्री राहिले आणि वाट दाखवण्यासाठी त्यांनी एका माहीतगार वाटाड्याला, तो मुसलमान नसतानाही, मोबदला देऊन सोबत घेतले. उहुदमध्ये त्यांनी एकावर एक अशी दोन चिलखते घातली होती. खलीफा हजरत उमर (रजि.) शामच्या (सीरियाच्या) प्रवासात सर्ग या ठिकाणी पोहोचले असताना पुढे प्लेगची साथ असल्याची बातमी आली आणि सल्लामसलत करून त्यांनी परत फिरण्याचे ठरवले. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, 'अल्लाहच्या निर्णयापासून पळता काय?' उमर (रजि.) यांचे उत्तर बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत (प्रेषितांची वचने व आचरण नोंदवणाऱ्या संग्रहांत) आले आहे : 'होय, अल्लाहच्या एका निर्णयापासून त्याच्याच दुसऱ्या निर्णयाकडे आम्ही पळत आहोत.' त्यानंतर हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी येऊन सांगितले की, साथ असलेल्या प्रदेशात जाऊ नये आणि आपण असू तेथे साथ आली तर पळून बाहेर पडू नये, असे स्वतः प्रेषितांनी (स.) म्हटलेले आहे. त्यामुळे मुलाला ताप आला की आपण अवश्य घाबरा आणि तातडीने वैद्याकडेही न्या. फक्त औषध हे साधन आहे आणि आरोग्य देणारा अल्लाह आहे, ही जाणीव सोडू नका.

प्रश्न : मी एका खासगी संस्थेत हिशेबाचे काम करतो. माझ्या वरिष्ठांनी मला खोट्या नोंदींवर सही करण्यास सांगितले. नोकरी जाईल या भीतीने मी सही केली. घरात कमावणारा मी एकटाच आहे. आता पुन्हा तसेच कागद समोर येणार आहेत. अशा सक्तीच्या परिस्थितीत मी गुन्हेगार ठरतो का?

उत्तर : आपले पत्र प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही आडपडदा न ठेवता देतो. पहिल्या पत्रातील भीती आणि आपली भीती एका जातीच्या नाहीत. नोकरी जाण्याचे भय वाटणे स्वाभाविक आहे, आणि तेवढ्यापुरते त्यात पाप नाही. परंतु या भयाने आपल्याकडून एक निषिद्ध कृत्य करवून घेतले आहे आणि सूरह माइदामध्ये नेमके याविषयी बजावले आहे : 'लोकांना भिऊ नका, मला भ्या आणि माझ्या वचनांचा अल्प किमतीला सौदा करू नका' (५:४४). हे वचन मुळात धर्मग्रंथानुसार न्याय देण्याची जबाबदारी असलेल्यांना उद्देशून असले तरी, ज्याच्या शब्दावर किंवा सहीवर इतरांचे हक्क अवलंबून असतात त्या प्रत्येकाने ते स्वतःला लावून पाहावे. सर्वांत मोठी पापे कोणती हे सांगताना प्रेषित (स.) टेकून बसले होते, पण खोट्या साक्षीचा उल्लेख येताच ते सरळ होऊन बसले आणि तो शब्द इतक्या वेळा उच्चारला की, त्यांनी आता थांबावे असे ऐकणाऱ्यांना वाटू लागले, असे हदीसमध्ये आहे. खोट्या हिशेबावरील सही ही लेखी खोटी साक्षच आहे.

सक्तीची सवलत इस्लाममध्ये आहे, पण तिला सीमा आहेत. हजरत अम्मार बिन यासिर (रजि.) यांचा मक्केतील छळ प्रसिद्ध आहे. त्यांच्या मातोश्री हजरत सुमैया (रजि.) यांना तर त्या छळात ठार करण्यात आले. असह्य यातनांमध्ये अम्मार (रजि.) यांच्या तोंडून विरोधकांना हवे ते शब्द निघाले आणि ते रडत प्रेषितांकडे (स.) आले, तेव्हा त्यांना विचारले गेले ते एवढेच की, तुझ्या मनाची अवस्था कशी आहे? मन श्रद्धेवर शांत आहे, असे त्यांनी सांगितल्यावर, विरोधकांनी पुन्हा तसे केले तर तूही पुन्हा तसेच कर, अशी मुभा त्यांना मिळाली. 'ज्याच्यावर सक्ती झाली आणि ज्याचे मन श्रद्धेवर समाधानी आहे तो वगळून' (१६:१०६) ही आयत याच संदर्भात सांगितली जाते. यावरून फिकहच्या (इस्लामी कायदेशास्त्राच्या) पंडितांनी सक्तीच्या अटी ठरवल्या : धमकी देणारा ती अमलात आणण्यास समर्थ असावा, तो ती अमलात आणील अशी दाट खात्री असावी, धमकी प्राणाची, अवयवाची किंवा तशाच गंभीर इजेची असावी, आणि सुटकेचा मार्ग नसावा. आर्थिक नुकसान सक्तीत कितपत मोडते याविषयी मतभेद आहेत. पण केवळ नोकरी जाण्याची शक्यता म्हणजे इतरांचे नुकसान करणाऱ्या खोट्या कागदावर सही करण्याची मोकळीक, असे म्हणता येईल असे मला वाटत नाही.

याचा अर्थ आपण उद्याच चौकात उभे राहून वरिष्ठांविरुद्ध घोषणा द्याव्यात, असा मात्र नाही. सत्य न बोलणे आणि असत्यावर सही करणे यांत अंतर आहे. 'वाईट गोष्ट हाताने बदलावी, ते शक्य नसेल तर जिभेने, तेही शक्य नसेल तर मनाने तिचा तिरस्कार करावा, आणि ही श्रद्धेची सर्वांत दुर्बल पायरी आहे' या हदीसमध्ये दुर्बलालाही जागा ठेवलेली आहे. परंतु स्वतःच्या हाताने ती वाईट गोष्ट करण्याला त्या तिन्ही पायऱ्यांत जागा नाही. फिरऔनच्या घराण्यातील एका श्रद्धावंताने आपली श्रद्धा लपवून ठेवली होती, आणि त्याबद्दल कुरआन त्याला दोष देत नाही. पण मूसा (अलै.) यांच्या हत्येचा विचार सुरू होताच, 'माझा पालनकर्ता अल्लाह आहे एवढेच म्हणतो म्हणून तुम्ही एका माणसाला ठार करणार काय?' असे त्याने भर सभेत विचारले (४०:२८). गप्प कोठपर्यंत राहायचे आणि कोठे राहायचे नाही, हे त्याला कळले होते. आपल्यासाठी ती सीमा सहीपाशी आहे. झाल्या गोष्टीबद्दल तौबा (पश्चात्ताप) करावी आणि तिच्यामुळे कोणाचे नुकसान झाले असेल तर ते भरून निघेल असा प्रयत्न करावा. पुढील कागद आले की सौम्य शब्दांत नकार द्यावा आणि त्याआधीच दुसऱ्या कामाचा शोध सुरू करावा. कुटुंबाच्या पोटाची तरतूद करणे हेही अल्लाहने घातलेलेच कर्तव्य आहे, म्हणून हा शोध घेण्यात कमीपणा नाही.

इतिहासात दोन्ही प्रकारची माणसे सापडतात. इ.स. ८३३ मध्ये अब्बासी खलीफा मामूनने कुरआन ही 'निर्मित' वस्तू आहे हे मत धर्मपंडितांवर लादले, तेव्हा अनेकांनी जिवाच्या भीतीने होकार दिला, तर इमाम अहमद बिन हंबल यांनी कैद आणि पुढे खलीफा मुअतसिमच्या काळात फटके सोसले, पण शब्द बदलला नाही. होकार देणाऱ्यांपुढे बेड्या आणि तलवार होती. आपल्यापुढे राजीनाम्याचा कागद आहे, हा फरक मात्र आपण दृष्टीआड करू नये.

प्रश्न : आमच्या नात्यातील एका कुटुंबात एकामागून एक संकटे आली. कोणी तरी करणी केली आहे, असे त्यांच्या मनाने घेतले आहे. ते एका माणसाकडे जातात. तो जिन्नांना शांत करण्याचे उपाय सांगतो, घरात अमुक दिशेला झोपू नका, अमुक दिवशी बाहेर पडू नका, असे बजावतो. ते सर्व नमाजीही आहेत. जिन्न आणि जादू यांचा उल्लेख कुरआनात असताना त्यांची भीती बाळगणे चूक कसे?

उत्तर : जिन्न आणि जादू यांचा उल्लेख कुरआनात आहे, हे खरेच आहे. परंतु ज्या आयतीत जादूचा उल्लेख आहे त्याच आयतीत (२:१०२) 'अल्लाहच्या अनुज्ञेशिवाय ते तिच्याद्वारे कोणालाही हानी पोहोचवू शकत नाहीत' असेही म्हटले आहे, आणि हे अर्धे वाक्य वाचायचे राहून जाते. जिन्नांविषयी सूरह जिन्नमध्ये आले आहे की, माणसांपैकी काही लोक जिन्नांपैकी काहींचा आश्रय मागत आणि त्यामुळे त्यांचा त्रास वाढतच गेला (७२:६). भाष्यकार सांगतात की, इस्लामपूर्व काळात अरब प्रवासी निर्जन दरीत मुक्कामाला उतरले की त्या दरीच्या जिन्नांच्या म्होरक्याचा आश्रय घेत असल्याचे मोठ्याने म्हणत. प्रेषितांनी (स.) त्याच ठिकाणी, त्याच रात्रीसाठी दुसरे शब्द शिकवले : मुक्कामाच्या जागी उतरणाऱ्याने 'अल्लाहने जे निर्माण केले आहे त्याच्या उपद्रवापासून मी अल्लाहच्या परिपूर्ण वचनांचा आश्रय घेतो' असे म्हणावे, म्हणजे तेथून निघेपर्यंत त्याला काहीही अपाय होणार नाही. रात्र काळोखी आणि दरी निर्जन हे तसेच राहिले, प्रवाशाची भीतीही कदाचित तशीच राहिली असेल. बदलले ते आश्रयस्थान.

म्हणून आपल्या नातलगांना भीती वाटते ही त्यांची चूक नाही. त्या भीतीपोटी ते ज्याच्याकडे धावतात आणि ज्याला राजी राखण्याचा प्रयत्न करतात, तेथे चूक आहे. एखाद्या अदृश्य शक्तीने रागावू नये म्हणून तिच्यासाठी काही अर्पण करणे किंवा तिच्या मर्जीने दिवस आणि दिशा ठरवणे, ही त्या शक्तीची एक प्रकारची उपासनाच होते. पहिल्या प्रश्नोत्तरात शिर्कचा उल्लेख आला तो याच भयासंबंधी होता. प्रेषित हजरत हूद (अलै.) यांचा समाज त्यांना म्हणाला होता की, आमच्या दैवतांपैकी कोणी तरी तुम्हाला बाधा केली आहे. त्यांनी उत्तर दिले की, तुम्ही सर्व मिळून माझ्याविरुद्ध हवे ते डाव रचा आणि मला सवडही देऊ नका, मी अल्लाहवर भरवसा ठेवला आहे, जो माझा आणि तुमचा पालनकर्ता आहे (११:५४-५६).

अशुभ दिवसांच्या बाबतीत हदीसमध्ये एक फार समजूतदार वाक्य आले आहे. आमच्यापैकी काही लोक शकुन-अपशकुन पाहतात, असे एका सहाबीने सांगितले. त्यावर प्रेषित (स.) म्हणाले की, ही त्यांच्या मनात येणारी एक गोष्ट आहे, तिने त्यांना अडवू नये. ते मनात येणे त्यांनी नाकारले नाही, फक्त त्यापायी काम थांबवण्यास मनाई केली. स्वतःच्या घरातील दुःखाच्या प्रसंगीही त्यांनी हेच पाळले. त्यांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला त्याच दिवशी सूर्यग्रहण झाले आणि लोक त्या दोन गोष्टींचा संबंध जोडू लागले, तेव्हा सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या दोन खुणा आहेत, कोणाच्या मृत्यूने किंवा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले आणि ग्रहण दिसले की नमाज आणि प्रार्थनेकडे वळा, असे सांगितले. शोकाच्या त्या दिवशी लोकांची समजूत आयतीच त्यांच्या बाजूची होती, तरीही त्यांनी ती मोडून काढली.

आपल्या नातलगांनी रात्री आयतुल कुर्सी (२:२५५) आणि कुरआनातील शेवटच्या दोन सूरहांचे पठण करावे, आजारपण असेल तर उपचार करावेत, आणि पैशाच्या अडचणीचे कारण हिशेबात शोधावे. उपाय सांगणाऱ्या त्या माणसाकडे जाणे मात्र बंद करावे.

प्रश्न : माझी अडचण उलट आहे. मला अल्लाहचे भय इतके वाटते की, नमाज झाली तरी ती बिघडली असेल म्हणून मी ती पुन्हा पुन्हा अदा करते, वुजू (नमाजपूर्वी हात, तोंड, पाय धुणे) तर कितीदा करते याला गणतीच नाही. अल्लाह मला माफ करणार नाही हा विचार मनातून जात नाही, आणि आता नमाजची वेळ जवळ आली तरी घाबरायला होते. हे ईशभयाचे लक्षण समजावे काय?

उत्तर : भगिनी, हे ईशभय नाही, आणि आपण स्वतःला दोषही देऊ नये. तीन माणसे प्रेषितांच्या (स.) घरी येऊन त्यांच्या उपासनेची चौकशी करू लागली आणि ती ऐकल्यावर एकाने कायम रात्रभर नमाज अदा करण्याचा, दुसऱ्याने रोज रोजा ठेवण्याचा आणि तिसऱ्याने कधीच लग्न न करण्याचा निश्चय केला. हे कळल्यावर प्रेषित (स.) म्हणाले, 'तुम्हा सर्वांपेक्षा मी अल्लाहला अधिक भितो, तरी मी रोजा ठेवतो आणि सोडतोही, नमाज अदा करतो आणि झोपतोही, आणि मी विवाहही करतो.' ज्यांचे ईशभय सर्वांत अधिक होते त्यांचे जगणे असे होते.

खऱ्या ईशभयातही आपली उपासना कमी पडली असेल का, ही काळजी असते. सूरह मूमिनूनमध्ये 'जे काही द्यायचे ते देतात आणि तरी त्यांची मने भ्यालेली असतात' अशा लोकांचा उल्लेख आहे (२३:६०). हे मद्य पिणारे, चोरी करणारे लोक आहेत काय, असे हजरत आयशा (रजि.) यांनी विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की, नाही, ते रोजा ठेवतात, नमाज अदा करतात, दान देतात आणि हे स्वीकारले जाईल की नाही म्हणून भितात. मात्र लगेच पुढील आयत सांगते की, हेच लोक भल्या कामांकडे धाव घेतात. त्यांचे भय त्यांना पुढे नेते, आणि आपले भय आपल्याला नमाजपासूनच दूर सारू लागले आहे. इमाम गजाली (मृत्यू इ.स. ११११) यांनी लिहिले आहे की, भयाची थोरवी ते माणसाला आचरणाकडे प्रवृत्त करते यात आहे, आणि मर्यादेबाहेर जाऊन ते निराशेला पोहोचले की ते निंद्य ठरते. धर्मपंडित इब्न तैमिया यांनी तर एका वाक्यात मोजमाप दिले : प्रशंसनीय भय ते, जे तुम्हाला अल्लाहने निषिद्ध ठरवलेल्या गोष्टींपासून अडवते. त्यांचे शिष्य इब्न कय्यिम यांनी अल्लाहकडे जाणाऱ्या अंतःकरणाला पक्ष्याची उपमा दिली आहे. प्रेम हे त्याचे डोके आणि भय व आशा हे दोन पंख. आपला आशेचा पंख सध्या मिटलेला आहे. 'अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका, निश्चितच अल्लाह सर्व पापे माफ करतो' (३९:५३) ही आयत आपण भयाच्या आयतींइतकीच वेळा वाचावी.

व्यवहारात नियम सोपा आहे. वुजू मोडल्याची केवळ शंका आली, तर आवाज ऐकू येईपर्यंत किंवा वास येईपर्यंत नमाज सोडू नये, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे, आणि त्यावरून 'शंकेने निश्चिती नाहीशी होत नाही' हा फिकहचा मूळ नियम निघाला. आपल्यासाठी याचा अर्थ असा की, वुजू एकदाच आणि नमाजही एकदाच, मन काहीही म्हणो. ती अपुरी वाटली तरी पुन्हा अदा करू नये. आणखी एक सांगणे आवश्यक आहे. असे वारंवार येणारे विचार आणि त्यांपोटी होणारी पुनरावृत्ती हा अनेकदा आजार असतो आणि त्यावर उपचार होतात, म्हणून मनोविकारतज्ज्ञांना अवश्य भेटावे. उपचार घ्या, असे प्रेषितांनी (स.) सांगितले, तेव्हा शरीराचे आजार तेवढे घ्या आणि मनाचे सोडा, असे म्हटलेले नाही.

प्रश्न : मुले ऐकत नाहीत तेव्हा 'अल्लाह तुला आगीत टाकील' असे सांगणे योग्य आहे का?

उत्तर : माझ्या मते नाही. पालकांना आपले ऐकायला लावायचे असते आणि त्यासाठी नाव अल्लाहचे घेतले जाते, यात मुलाच्या मनात अल्लाह आणि रागावलेली आई किंवा वडील यांची गल्लत होते. नमाज न पढणाऱ्या प्रौढाला परिणामांची जाणीव देणे आणि दूध न पिणाऱ्या बालकाला नरकाची धमकी देणे यांत फार अंतर आहे.

लहान मुलाशी या विषयावर कसे बोलावे, याचा नमुना तिर्मिजीच्या संग्रहातील एका हदीसमध्ये आहे. हजरत इब्न अब्बास (रजि.) वयाने लहान असताना एकदा प्रेषितांच्या (स.) मागे स्वारीवर बसले होते. त्यांना 'मुला, मी तुला काही गोष्टी शिकवतो' अशी सुरुवात करून सांगितले गेले : तू अल्लाहच्या आज्ञा जप, तो तुला जपेल. मागायचे ते अल्लाहजवळ माग. आणि समज की, सर्व लोक तुझे भले करण्यासाठी एकत्र आले, तरी अल्लाहने लिहिले आहे तेवढेच भले ते करू शकतील, आणि तुझे वाईट करण्यासाठी एकत्र आले, तरी अल्लाहने लिहिले आहे त्याहून अधिक ते काही करू शकणार नाहीत. या संपूर्ण बोलण्यात आगीचा उल्लेख नाही. मुलाच्या मनातील लोकांची भीती कमी करणे, हा त्याचा रोख आहे. हजरत लुकमान यांनीही आपल्या मुलाला सांगितले ते हेच की, मोहरीच्या दाण्याएवढी गोष्ट खडकात असो, आकाशात असो की जमिनीत, अल्लाह ती समोर आणील (३१:१६), आणि त्याच्या पुढच्याच आयतीत त्यांनी मुलाला नमाज, भल्याचा उपदेश आणि संकटात धीर यांचा आदेश दिला. त्यांच्या उपदेशातील प्रत्येक संबोधन 'बाळा' असे आहे.